नस्तीवर लिहिता येईल तेवढेच मागावे

वाचक भगिनीचे पत्र (संक्षेपाने) : मी २८ वर्षांची असून अर्थशास्त्रात एम. ए. केले आहे. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी लघुउद्योजकांच्या संघटनेच्या कार्यालयात मी चार वर्षे काम करते. निवेदने तयार करणे, जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकांची टिपणे काढणे, महावितरण, औद्योगिक विकास महामंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्राकडे पाठपुरावा करणे हे माझे काम आहे. आमच्या वसाहतीसाठी स्वतंत्र वीजवाहिनीचा प्रश्न तीन वर्षांच्या खटपटीनंतर सुटला, याचा मला अभिमान वाटतो. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा प्रश्न मात्र अजून रखडलेला आहे. आता दोन प्रस्ताव समोर आहेत. एक, मोठ्या उत्पादक कंपनीच्या मुंबईतील शासन संपर्क विभागात दुप्पट पगाराची नोकरी. दुसरा, राज्य शासनाच्या गुंतवणूक प्रोत्साहनाच्या कामात सल्लागार संस्थेमार्फत एका वर्षाचे कंत्राट. वडील म्हणतात, हे दोन्ही सोडून लोकसेवा आयोगाची परीक्षा दे. मामांच्या मते कंपनीचे काम म्हणजे सुशिक्षित दलाली. आईला मुंबईत आणि मंत्रालयात मी एकटीने वावरण्याची काळजी वाटते. माझ्या कोणाशीही ओळखी नाहीत आणि घराच्या कर्जाचा काही भार माझ्यावर आहे. कंपनीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे आहे. या क्षेत्रात माझ्यासारखीला भवितव्य आहे का आणि मी काय निवडावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मामांच्या शब्दापासून सुरुवात करते, कारण पत्रात तो एकदाच आला असला तरी बाकीचे सगळे प्रश्न त्याच्याभोवती फिरताना मला दिसतात. दलाली हा शब्द लोकांनी उगाच वापरात आणलेला नाही. ‘साहेबांना मी ओळखतो’ एवढ्या भांडवलावर दुसऱ्याचे काम करून देणारी आणि त्याचा मोबदला कोणत्याही पावतीशिवाय घेणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उद्योगांच्या वतीने शासनाशी बोलणाऱ्या प्रतिनिधींची नोंदणी करणारा आणि ते कोणाला कशासाठी भेटले याची जाहीर नोंद ठेवायला लावणारा कायदा आपल्या देशात नाही. अमेरिकेत १९९५ च्या केंद्रीय कायद्याने अशी नोंदणी बंधनकारक केली. आपल्याकडे ती नसल्यामुळे प्रामाणिक प्रतिनिधी आणि दलाल बाहेरून सारखेच दिसतात, आणि दोघांत फरक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रामाणिक माणसावर येऊन पडते. मामांचा संशय म्हणूनच मनाला लावून घेऊ नका, पण तो झटकूनही टाकू नका. या कामात राहिलात तर त्याचे उत्तर तुम्हाला आपल्या रोजच्या वागण्यातून द्यावे लागेल.

ते कसे द्यायचे, याची एक कसोटी मी तुम्हाला सांगते. मी स्वतः पंचवीस वर्षे तिच्यावर चालले आहे. जी मागणी आणि जी माहिती संबंधित अधिकाऱ्याला आपल्या नावानिशी नस्तीवर, म्हणजे सरकारी फाइलवर, लिहिता येईल, तेवढीच मागणी करावी आणि तेवढीच माहिती द्यावी. जे फक्त कानात सांगता येते, कागदावर आले की अडचणीचे ठरते, ते मागण्यासाठी तुम्हाला कोणी पाठवत असेल, तर तिथे तुमचा उपयोग दलाल म्हणून होतो आहे असे समजावे. स्वतंत्र वीजवाहिनीसाठी तुम्ही तीन वर्षे जे केले, त्यातला प्रत्येक कागद उद्या माहितीच्या अधिकारात कोणी मागितला तरी तुम्हाला झोप न लागण्याचे कारण नाही. त्या कामाला तुम्ही खटपट म्हटले आहे. मी त्याला शासन संपर्काचे अगदी चोख काम म्हणेन, आणि ते तुम्ही चार वर्षे करत आहात.

ही कसोटी केवळ नीतीची आहे असे समजू नका, ती कामाच्या कौशल्याचीही आहे. तुमच्या संघटनेचे निवेदन मंत्रालयात पोहोचल्यावर त्याचे काय होते ते पाहा. मंत्र्यांच्या हाती निवेदन देतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते, पण निवेदन स्वतः ‘तपासून सादर करावे’ अशा शेऱ्यासह खाली उतरते, संबंधित विभागाच्या कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे, जाते आणि बहुधा तिथला सहायक कक्ष अधिकारी त्यावर पहिली टिप्पणी तयार करतो. ती टिप्पणी कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशा पायऱ्या चढत पुन्हा वर जाते. पैशाचा प्रश्न असेल तर नस्ती वित्त विभागाकडे जाऊन येते, कायद्याच्या अर्थाचा प्रश्न असेल तर विधी व न्याय विभागाकडे. या सगळ्या प्रवासात तुम्ही कुठेही हजर नसता, तुमच्या वतीने तिथे फक्त तुमचा कागद बोलत असतो. त्या पहिल्या टिप्पणीत काय लिहिले जाईल, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून असते आणि ती लिहिणाऱ्याला तुमच्या उद्योगाविषयी काही ठाऊक असेलच असे नाही. त्याला हवी असते ती नेमकी मागणी, ती ज्या नियमात किंवा शासन निर्णयात बसते त्याचा क्रमांक आणि दिनांक, पूर्वी अशा प्रकरणात काय निर्णय झाला त्याचा दाखला, आणि शासनावर किती भार पडेल याचा खरा आकडा. या चार गोष्टी दोन पानांत मांडणारे निवेदन आणि उद्योगांच्या व्यथा सात पानांत मांडणारे निवेदन यांच्या नशिबात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या उद्योगात काम करत होते, त्याच्या विस्तार प्रकल्पासाठी सवलतीचा प्रस्ताव मी तयार केला. त्यात रोजगाराचा जो आकडा वरिष्ठांनी दिला, तो मी तपासून न पाहता लिहिला. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि ‘अप्रत्यक्ष’ रोजगार हे तिन्ही त्यात एकत्र झाले होते. कार्यासनावरच्या एका शांत स्वभावाच्या अधिकाऱ्याने भविष्य निर्वाह निधीचे भरणा तपशील मागवले आणि फरक उघड झाला. ते माझ्यावर रागावले नाहीत. मात्र त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे माझ्या प्रत्येक पत्रातला प्रत्येक आकडा पुराव्यासह मागितला जाऊ लागला आणि इतरांची जी कामे महिन्यात होत, त्यांना मला चार महिने लागू लागले. त्या दोन वर्षांत नुकसान माझे कमी झाले आणि ज्या लहान पुरवठादारांची प्रकरणे माझ्या हातून जात होती त्यांचे जास्त झाले, हे मला आजही बोचते.

म्हणूनच ओळखींबद्दलची तुमची चिंता मला तितकीशी खरी वाटत नाही. अधिकारी बदलतात. तीन वर्षांनी खुर्चीवर दुसरा माणूस असतो, सरकार बदलले की मंत्र्यांचे खासगी सचिवही बदलतात, आणि ज्याची सगळी पुंजी ओळखीची असते तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. ‘या बाईंच्या पत्रातला आकडा पुन्हा तपासावा लागत नाही’ ही ख्याती मात्र एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे आपोआप जाते. ज्येष्ठांची ओळख कामाला येत नाही असे मी म्हणणार नाही, ती येते आणि भेटीची वेळ लवकर मिळवून देते. पण त्या भेटीत काय ठेवायचे, हे ओळख शिकवत नाही.

आता तुम्हाला काय शिकावे लागेल ते सांगते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण याच ठिकाणी या क्षेत्रातली बहुतेक तरुण माणसे कमी पडतात. पहिली गोष्ट म्हणजे शासन निर्णय वाचणे. आपण सारे शेवटचा परिच्छेद वाचून मोकळे होतो. खरे वाचन वरच्या ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या भागापासून सुरू होते, कारण तिथे त्या निर्णयाची वंशावळ असते. मूळ योजना कोणती, तिच्यात कोणत्या दिनांकांना सुधारणा झाल्या, कोणत्या बैठकीच्या इतिवृत्तावरून हा निर्णय निघाला, हे सगळे तिथे मिळते. मग प्रस्तावना वाचा, तिच्यात शासनाने हा निर्णय स्वतःला कसा पटवून दिला ते असते. शेवटी वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भाचा, म्हणजे प्रकरण त्या विभागाकडे जाऊन आल्याच्या नोंदीचा, उल्लेख आहे का ते पाहा. असेल तर पैशाच्या बाजूची सहमती कोणत्या टप्प्यावर झाली ते कळते. नसेल आणि निर्णय खर्चाचा असेल, तर पुढे अडथळा येण्याची शक्यता मनात धरा. दर आठवड्याला उद्योग, ऊर्जा, पर्यावरण, महसूल आणि कामगार या विभागांचे शासन निर्णय संकेतस्थळावरून उतरवून घेऊन अशा पद्धतीने वाचण्याची सवय लावलीत, तर वर्षभरात तुम्ही अनेक अनुभवी माणसांच्या पुढे असाल.

दुसरी गोष्ट म्हणजे शासनाचे वर्ष समजून घेणे. अर्थसंकल्प साधारणपणे मार्चमध्ये मांडला जातो, पण विभागांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी आकार घेतात. फेब्रुवारीत नेलेली नवी मागणी त्या वर्षापुरती बहुधा उशिराचीच असते. अधिवेशनाच्या काळात, मग ते मुंबईत असो की १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे नागपुरात भरणारे असो, कार्यासने तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचनांच्या उत्तरांत गुंतलेली असतात. तेव्हा आपले प्रकरण घेऊन जाणे म्हणजे त्यांच्या त्रासात भर घालणे होय. उलट, तुमच्या क्षेत्राविषयी सभागृहात प्रश्न लागला असेल, तर त्याच दिवसांत अचूक माहिती तत्परतेने देणारा माणूस त्यांना हवा असतो.

तिसरी गोष्ट अर्थशास्त्राची आहे आणि इथे तुमची पदवी कामाला येईल. उद्योग हा विषय मुख्यतः राज्यसूचीतला आहे. जमीन आणि पाणी हेही राज्याकडे आहेत, वीज आणि कामगार समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे, आहेत. म्हणजे कारखान्याच्या रोजच्या आयुष्याला शासनाचा जो स्पर्श होतो, त्यातला मोठा भाग राज्याचा असतो. महाराष्ट्राने औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन केले आणि १९६४ पासून उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात साचलेला उद्योग इतर जिल्ह्यांकडे वळावा, हा तिच्यामागचा हेतू होता. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे वर्गीकरण करून मागास भागाला जास्त प्रोत्साहन देण्याची पद्धत त्यातूनच रुजली. तुम्ही ज्या भागातून लिहिता, त्या भागासाठी हा हेतू पुस्तकी नाही. विभागीय असमतोलाचा हिशेब मांडणाऱ्या दांडेकर समितीचा १९८४ चा आणि केळकर समितीचा २०१३ चा अहवाल तुम्ही सवडीने वाचा, म्हणजे ज्या प्रश्नावर तुम्ही काम करता त्याचे वय किती आहे ते कळेल.

पण या योजनांचा हिशेब पुढे बदलला, आणि तो ज्याला समजत नाही त्याने सवलतीविषयी बोलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रीकराच्या आणि मूल्यवर्धित कराच्या काळात माल जिथे तयार होई आणि विकला जाई, त्या राज्याला कर मिळे. त्यामुळे कारखाना आणणे म्हणजे करही आणणे, असे गणित साधे होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कराचा ओघ माल जिथे वापरला जातो त्या राज्याकडे वळला. मराठवाड्यातल्या एखाद्या कारखान्याचा सगळा माल गुजरात किंवा तमिळनाडूत विकला जात असेल, तर त्या विक्रीवरच्या कराचा राज्याचा हिस्सा महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. मग त्या कारखान्याला राज्याने अनुदान का द्यावे? याचे उत्तर आहे, पण ते करात शोधून मिळणार नाही. ते वेतनात, स्थानिक पुरवठादारांत, कौशल्यात, त्या तालुक्यात टिकून राहणाऱ्या तरुण माणसांत शोधावे लागते, आणि आकड्यांनिशी मांडावे लागते. वाळूजला १९८० च्या दशकात वाहन उद्योग आला तेव्हा त्याच्यामागून सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची जी रांग लागली, ती त्या एका कारखान्याइतकीच मोलाची ठरली. याच्या उलट, जो उद्योग सवलत नसती तरी इथेच आला असता त्याला दिलेले अनुदान म्हणजे शाळा-रस्त्यांच्या पैशातून दिलेली भेट होय, हेही तितकेच खरे आहे. समोरच्या खुर्चीतला वित्त विभागाचा अधिकारी हाच प्रश्न विचारणार आहे. तो प्रश्न त्याच्या आधी तुम्ही स्वतःला विचारलेला असला पाहिजे, मग तुम्हाला पगार कोणीही देत असो.

पाणी आणि जमीन यांबद्दलही हेच म्हणेन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे ज्या प्रदेशाने पाहिले आहे, तिथे पाण्याची मागणी करणाऱ्या प्रकल्पाच्या प्रतिनिधीने पुनर्वापराचा आराखडा बरोबर न नेता बैठकीला जाणे मला गैर वाटते. महामंडळाच्या १९६१ च्या कायद्याखाली ज्यांच्या जमिनी संपादित होतात, त्यांना कलम ३२ ची नोटीस हातात पडते तेव्हा त्यांच्या घरात काय होते, हे एकदा तरी जवळून पाहा. गुंतवणुकीच्या सादरीकरणात ‘उपलब्ध भूखंड’ असे दोन शब्द असतात, आणि त्यांच्यामागे बहुधा कोणाचे तरी शेत असते. ते आठवणीत असलेला माणूस या क्षेत्रात असावा, असे मला मनापासून वाटते, आणि तुमचे पत्र वाचून तुम्ही त्यांपैकी आहात असे वाटले.

आता निवडीचा प्रश्न. मन मोकळे करून सांगते : घराच्या कर्जाचा हप्ता तुमच्या पगाराशिवाय चालणारच नसेल, तर कंपनीची नोकरी घ्या आणि त्याबद्दल मनात कसलीही टोचणी ठेवू नका. परंतु थोडी सवड असेल, तर माझा कल शासनाच्या बाजूच्या कंत्राटाकडे आहे, एका अटीवर. गुंतवणूक प्रोत्साहनाच्या कामाचे दोन भाग असतात. एक भाग परिषदांचा, सादरीकरणांचा आणि सामंजस्य करारांचा. दुसरा भाग करारावर सही झाल्यानंतरचा. भूखंडाचे वाटप, प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीसाठीची संमती, वीजभार, पाणी, इमारतीचा आराखडा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची परवानगी, असा तो लांबचा रस्ता असतो. सामंजस्य करार आणि प्रत्यक्ष उत्पादन यांच्यात जे अंतर आहे, त्या अंतरातच या व्यवसायाची सगळी विद्या आहे. या परवानग्या एका ठिकाणी आणण्यासाठी ‘मैत्री’ कक्ष आहे आणि त्याला २०२३ च्या अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला आहे, तरी अडलेले प्रकरण कुठे आणि का अडले ते ओळखणारा माणूस लागतोच. म्हणून त्या सल्लागार संस्थेला लेखी विचारा की तुमच्याकडे प्रत्यक्ष अर्जांचा आणि प्रकरणांचा पाठपुरावा असेल की केवळ सादरीकरणे तयार करणे असेल. पहिले असेल तर ते वर्ष तुम्हाला असे काही शिकवील, जे दुप्पट पगारात मिळणार नाही. टेबलाच्या पलीकडे बसल्यावर निवेदने कशी दिसतात ते तुम्हाला तिथूनच कळेल. दुसरे असेल तर त्या पदावर जाऊ नका. सुंदर तक्ते करण्यात वर्ष जाईल आणि कंत्राट संपल्यावर हातात काही राहणार नाही.

कंत्राटात वेतन कोणाकडून, किती तारखेला मिळेल आणि मुदत कोण वाढवणार, हेही आधी विचारून घ्या. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथे असताना एखाद्या कंपनीचा अर्ज किंवा अप्रकाशित धोरणाचा मसुदा तुमच्या नजरेखालून गेला, तर ती माहिती तुमची नव्हे. पुढे खासगी नोकरीत जाल तेव्हा तिथे शिकलेली कार्यपद्धती बरोबर न्यावी, तिथली माहिती तिथेच ठेवावी. नव्या मालकाने मुलाखतीतच तशी माहिती काढायचा प्रयत्न केला, तर त्या मालकाकडे जाऊ नये.

कंपनीकडे जायचे ठरले तर होकार देण्याआधी तीन खुलासे मागा, आणि विचारताना संकोच करू नका. तुम्ही कोणाला उत्तरदायी असाल? विक्री विभागाच्या हाताखालचा शासन संपर्क आणि कायदा किंवा अनुपालन विभागाबरोबर काम करणारा शासन संपर्क यांत मोठा फरक असतो. अधिकाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तू आणि आदरातिथ्य यांविषयी कंपनीचे लेखी धोरण काय आहे? आणि बाहेरचे ‘मध्यस्थ’ किंवा ‘सल्लागार’ नेमले जातात का, नेमले तर त्यांच्या देयकांवर कोणाची सही असते? भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच त्याला संरक्षण आहे, आणि कंपनीच्या फायद्यासाठी लाच दिली गेली तर कंपनीही जबाबदार धरली जाते. ‘सगळीकडे असेच चालते’ असे सांगणारा वरिष्ठ त्या दिवशी तुमच्या शेजारी उभा राहणार नाही. तिसऱ्या प्रश्नाला हसण्यावारी नेले गेले, तर पगार दुप्पट असो की चौपट, नकार कळवा.

आईंच्या काळजीबद्दल. ती अनाठायी नाही, पण तिच्यामुळे संधी सोडावी अशीही नाही. मंत्रालयात आज स्त्रिया सर्व पातळ्यांवर काम करतात. भेटी कार्यालयात आणि कार्यालयीन वेळेत ठेवाव्यात, भेटीनंतर त्याच दिवशी चर्चेचे मुद्दे पत्राने किंवा ई-मेलने पाठवावेत, आणि रात्रीच्या जेवणाची ‘अनौपचारिक’ बैठक सहकाऱ्याशिवाय स्वीकारू नये. हे नियम स्त्रियांसाठीच आहेत असे नाही, ते पुरुषांनीही पाळावेत असे मी नेहमी सांगत आले आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कामानिमित्त तुम्ही जिथे जाल त्या ठिकाणालाही लागू होतो, हे आईंना सांगा आणि नव्या नोकरीत तक्रार समितीचे सदस्य कोण आहेत ते पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या.

वडिलांचा सल्ला प्रेमाचा आहे. शासनात जाऊन निर्णयाच्या खुर्चीवर बसावे अशी तुमची स्वतःची इच्छा असेल, तर परीक्षा जरूर द्या. उद्योग निरीक्षकासारखी पदे आयोगामार्फतच भरली जातात आणि तुमच्या अनुभवाचा माणूस तिथे आला तर जिल्हा उद्योग केंद्राचे भलेच होईल. पण तुमच्या पत्रात ही इच्छा मला कुठेही आढळली नाही. केवळ सुरक्षिततेसाठी म्हणून वर्षानुवर्षे परीक्षा देत राहण्याचा सल्ला मी देणार नाही. एखादे वर्ष मर्यादा ठरवून प्रयत्न करायचा असल्यास तसे वडिलांशी ठरवून घ्या आणि ते वर्ष संपल्यावर विषय संपवा.

शेवटी तुमच्या संघटनेबद्दल. सांडपाणी प्रकल्पाचा प्रश्न रखडला आहे आणि तुम्ही निघून जाल, ही खंत तुमच्या पत्रात दोन वेळा डोकावते. जाण्याआधी एक काम करा. आजवरची सगळी निवेदने, उत्तरे आणि बैठकांची इतिवृत्ते दिनांकानुसार लावून त्यांचे दोन पानी टिपण तयार करा, आणि ते संघटनेच्या बाजूने न लिहिता कार्यासनावरच्या अधिकाऱ्याने लिहावे तसे लिहा : मागणी काय, नियम काय, खर्चाचा कोणता हिस्सा महामंडळाचा आणि कोणता उद्योजकांचा, प्रकरण आज कोणाकडे आणि कोणत्या कारणाने थांबले आहे. माझा अंदाज असा आहे की ते लिहिताना प्रश्न नेमका कुठे अडला ते तुम्हाला प्रथमच स्पष्ट दिसेल, आणि कदाचित तो उद्योजकांनी आपला हिस्सा भरण्याची लेखी हमी न दिल्यामुळे अडलेला असेल. तसे असेल तर ते अध्यक्षांना स्पष्ट सांगा, पुढच्या जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर विषय ठेवायला लावा, आणि तुमच्या जागी येणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन त्या बैठकीला जा. कंपनीला द्यायच्या उत्तरासाठी पंधरा दिवस आहेत. हे टिपण त्यातल्या पहिल्या आठवड्यात होईल.